नियम बरोबर, उत्तर मात्र चूक!



विरारहून अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे जाताना वाटेत आमचे आगाशी गाव लागते. वसईच्या पट्ट्यातील हे गाव केळीच्या वाड्यांसाठी आणि त्याहूनही सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून काही दिवस उन्हात वाळवली, की तपकिरी रंगाची, गोड आणि टिकाऊ सुकेळी तयार होतात. कृती ऐकायला सोपी वाटते. पण पिकलेल्या केळ्यात सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असते. ते वेळेवर बाहेर पडले नाही तर केळे वाळण्याऐवजी आंबते किंवा त्याच्यावर बुरशी चढते.

पाणी बाहेर पडणे हे नुसत्या उन्हावर अवलंबून नसते. हवेत आणखी बाष्प सामावून घेण्याची किती ताकद उरली आहे, यावरही ते ठरते. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. हवेत जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या शेकडा किती प्रत्यक्ष आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. सकाळी २० अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी ३० अंशांपर्यंत तापली, तर तिच्यात तेवढेच बाष्प असूनही आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांवर येते. म्हणूनच दुपारी केळी झपाट्याने वाळतात. पण समुद्र जवळ असल्यामुळे वारा फिरला की आमच्याकडची हवा पाहता पाहता दमट होते.

दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या माझ्या चार विद्यार्थ्यांनी ठरवले, की सुकेळी वाळवणाऱ्याला सल्ला देणारी एक आज्ञावली लिहायची. आर्द्रता मोजणारा एक लहान संवेदक अंगणात लावला आणि तो संगणकाला जोडला. शेजारच्या काकी वर्षानुवर्षे सुकेळी करतात. त्यांना विचारून मुलांनी नियम तयार केले. काकींनी प्रयोगासाठी आपली ५० केळी दिली आणि म्हणाल्या, "घ्या बाबांनो. पण केळी माझी आहेत, हे तुमच्या संगणकाला सांगून ठेवा!"

पहिले दोन दिवस सर्व सुरळीत झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी आकाश भरून आले आणि वारा फिरला. काकींनी आपल्या चटया उचलल्या. मुलांच्या पडद्यावर आर्द्रतेचा आकडा ८४ दिसत होता, आणि त्याच्याखाली सल्ला होता : 'केळी उन्हात पसरा'. नियम तर सांगत होता, की आर्द्रता ७५ च्या वर गेली की केळी आत घ्यायची. पण मुलांनी यंत्रावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसेच घडले. त्यानंतरच्या सकाळी काकींची केळी ठीक होती; आमच्या ५० केळ्यांना आंबूस वास येत होता आणि काहींवर पांढरी बुरशी धरली होती.

नियम बरोबर, आकडा बरोबर. मग उत्तर चुकले कसे? या प्रश्नाचा शोध आपण आज घेणार आहोत. त्यासाठी आधी अशा आज्ञावलीचे काम कसे चालते ते पाहू या.

तज्ज्ञाचे ज्ञान, यंत्राचे डोके

नेहमीच्या आज्ञावलीत संगणकाला 'आधी हे कर, मग ते कर' अशा क्रमाने सांगितलेले असते. तज्ज्ञ-प्रणालीत तसा क्रम नसतो. तेथे तज्ज्ञाचे ज्ञान 'जर अमुक असेल, तर तमुक' अशा सुट्या सुट्या नियमांत मांडतात. कोणता नियम केव्हा लावायचा, हे ठरवण्याचे काम एक वेगळी आज्ञावली करते. तिला आपण 'नियमयंत्र' म्हणू.

या विचाराचा प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात तयार झालेली 'मायसिन' ही प्रणाली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूच्या आवरणाचा दाह यांवर कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती काही शे नियमांच्या आधारे देत असे. १९७९ साली तिची परीक्षा घेण्यात आली. मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या दहा रुग्णांसाठी मायसिनने आणि डॉक्टरांनी सुचवलेले उपचार परीक्षकांपुढे ठेवले; पण कोणता सल्ला कोणाचा हे सांगितले नाही. मायसिनचा सल्ला ६५ टक्के वेळा स्वीकारार्ह ठरला. त्याच विद्यापीठातील पाच तज्ज्ञांचे आकडे ४२.५ ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान होते. तरीही मायसिन रुग्णालयात रोजच्या वापरात आली नाही.

मायसिनचा एक गुण मात्र आपण ध्यानात ठेवू. 'हे का विचारतोस?' आणि 'हे कशावरून म्हणतोस?' असे प्रश्न तिला विचारता येत, आणि ती आपले नियम दाखवून उत्तर देई.

पुढे कोणाच्या तरी लक्षात आले, की मायसिनमधले वैद्यकीय नियम काढून घेतले तर उरलेले नियमयंत्र दुसऱ्या विषयालाही वापरता येईल. फळातला गर काढून कवच ठेवावे तसे हे झाले. म्हणून अशा रिकाम्या प्रणालीला इंग्रजीत 'शेल', म्हणजे कवच, म्हणू लागले. आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईत जुहू येथे १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. तेथील संशोधकांनी असे एक कवच तयार केले आणि त्याला नाव दिले 'विद्वान'. ज्ञानावर आधारलेल्या संगणक-प्रणालींवरची एक आंतरराष्ट्रीय परिषदही डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत भरली होती. हे केंद्र पुढे सी-डॅक या संस्थेत विलीन झाले.

आमच्या मुलांनी वापरलेल्या कवचाचे नाव 'जेस'. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत अर्नेस्ट फ्रीडमन-हिल यांनी १९९५ च्या सुमारास ते लिहायला घेतले. त्याची नियम लिहिण्याची पद्धत 'नासा'मध्ये तयार झालेल्या 'क्लिप्स' या जुन्या कवचासारखी आहे. पण ते लिहिले आहे जावा या संगणक-भाषेत. त्यामुळे जावात लिहिलेल्या इतर आज्ञावल्यांशी त्याची सहज सांगड घालता येते. ही सोय मोठी आहे, आणि आमची केळी आंबली तीही याच सोयीपायी!

फळा, नियम आणि पाळीची यादी

नियमयंत्रात तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे एक फळा. 'आर्द्रता ५२', 'ऊन कडक', 'केळी घरात' अशा त्या घटकेच्या नोंदी त्याच्यावर लिहिलेल्या असतात. दुसरी म्हणजे नियमांची वही. तिसरी म्हणजे पाळीची यादी. ज्या नियमांच्या सर्व अटी फळ्यावरील नोंदींशी जुळतात, ते नियम या यादीत जाऊन बसतात. यंत्र यादीतला एक नियम उचलते आणि तो सांगेल ते करते. बहुधा तो नियम फळ्यावर काही नवे लिहितो किंवा जुने पुसतो. त्यामुळे यादी बदलते. मग यंत्र पुढचा नियम उचलते. यादी रिकामी झाली की यंत्र थांबते.

मुलांच्या वहीतील मुख्य नियम असे होते :

नियम १ : जर ऊन 'कडक' किंवा 'बऱ्यापैकी' असेल आणि आर्द्रता ६५ पेक्षा कमी असेल, तर 'हवा वाळवणीची' अशी नोंद कर.

नियम २ : जर आर्द्रता ७५ किंवा अधिक असेल, तर 'हवा दमट' अशी नोंद कर.

नियम ३ : जर 'हवा वाळवणीची' आणि 'केळी घरात' या नोंदी असतील, तर 'केळी उन्हात पसरा' असा सल्ला दे, 'केळी घरात' पुसून 'केळी उन्हात' असे लिही.

नियम ४ : जर 'हवा दमट' आणि 'केळी उन्हात' या नोंदी असतील, तर 'केळी आत घ्या' असा सल्ला दे, 'केळी उन्हात' पुसून 'केळी घरात' असे लिही.

सूर्यास्ताला केळी आत घेऊन झाकायची, हे ठरलेलेच होते. ती आत आली की मुले कळफलकावरून तशी नोंद करीत. ६५ आणि ७५ हे आकडे आम्ही काकींच्या सांगण्यावरून अदमासाने ठरवले होते. या नियमांत एक फट आहे. ती तुम्हांला दिसते का? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

शोध सुरू होतो

पहिला संशय संवेदकावर गेला. प्रयोगशाळेतले ओल्या आणि कोरड्या फुग्याचे तापमापक आणून आम्ही पडताळा घेतला. कोरड्या फुग्याचे तापमान ३० अंश आणि ओल्याचे २४ अंश असेल, तर आर्द्रता सुमारे ६० टक्के असते, हे तक्त्यावरून कळते. त्या वेळी संवेदकही जवळजवळ तेवढेच दाखवत होता. म्हणजे संवेदक निर्दोष.

दुसरा संशय नियमांवर. मुलांनी संवेदक काढून ठेवला, यंत्र नव्याने सुरू केले आणि 'आर्द्रता ८४', 'केळी उन्हात' या नोंदी हाताने घातल्या. लगेच सल्ला आला : 'केळी आत घ्या'. म्हणजे नियमही निर्दोष.

एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आणखी एक नियम घालू या. आर्द्रता ८० च्या वर गेली, तर काहीही असो, केळी आत." मी त्याला थांबवले. रोग कळण्याआधी औषध वाढवण्यासारखेच ते झाले असते. आतापर्यंत आम्ही 'खरे काय आहे' एवढेच तपासत होतो. 'यंत्राला काय खरे वाटते आहे' हे कोणी विचारलेच नव्हते!

जेसमध्ये हे विचारण्याची सोय आहे. 'फॅक्ट्स' ही आज्ञा दिली की फळ्यावरील सर्व नोंदी समोर येतात. 'अजेंडा' म्हटले की पाळीची यादी दिसते. 'वॉच' म्हटले की कोणती नोंद आली, कोणती गेली आणि कोणता नियम लागला, याचा वृत्तान्त ओळीने मिळतो. संवेदक पुन्हा जोडून यंत्र सुरू केले. त्या वेळी हवा कोरडी होती. पडद्यावर ५२ आकडा होता. मग संवेदकाभोवती ओले फडके धरले. पडद्यावरचा आकडा ५२ वरून चढत ८० च्या पुढे गेला. मुलांनी 'फॅक्ट्स' ही आज्ञा दिली. फळ्यावर लिहिलेले होते : 'आर्द्रता ५२'!

चोर सापडला. संवेदकाचा आकडा जावातील एका वस्तूत साठवला जात होता, आणि पडदा तो आकडा थेट त्या वस्तूतून वाचत होता. नियमयंत्राने मात्र सुरुवातीला एकदाच त्या वस्तूची प्रत आपल्या फळ्यावर उतरवून घेतली होती. वस्तूतला आकडा नंतर बदलला; पण 'मी बदललो' असे यंत्राला कोणी कळवलेच नाही. पडदा आजचे सांगत होता आणि यंत्र शिळ्या माहितीवर सल्ला देत होते. शाळेच्या दाखल्यावर जुना पत्ता राहिला तर पत्रे जुन्याच घरी जातात. त्यात पोस्टमनचा दोष नसतो. त्यातलाच हा प्रकार.

यंत्र पुन्हा का पाहत नाही?

तुम्ही विचाराल, यंत्राने प्रत्येक वेळी स्वतःच त्या वस्तूकडे पुन्हा का पाहू नये? याचे उत्तर एका गणितात आहे.

समजा, फळ्यावर १००० नोंदी आहेत आणि एका नियमात तीन अटी आहेत. कोणत्या तीन नोंदी या अटींशी जुळतात हे आंधळेपणाने शोधायचे, तर १००० × १००० × १०००, म्हणजे १०० कोटी त्रिके तपासावी लागतील. तीही केवळ एका नियमासाठी, आणि फळ्यावर काही बदलले की पुन्हा पहिल्यापासून!

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्जी यांनी १९७० नंतरच्या दशकात यातून वाट काढली. १९७९ साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. त्यांच्या रीतीला 'रेटे' म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ जाळे. त्यांचे म्हणणे असे : एका नियमानंतर फळा फारसा बदलत नाही, १००० नोंदींपैकी दोन-चारच बदलतात. मग सगळे पुन्हा का तपासायचे? नियमांच्या अटींचे एक जाळे विणावे. नवी नोंद आली की तिला या जाळ्यातून एकदाच जाऊ द्यावे. ती जेथपर्यंत जुळेल तेथे तिची आठवण ठेवावी. एखाद्या नियमाच्या तीनपैकी दोन अटी जुळल्या असतील, तर ती अर्धी जुळणी जपून ठेवावी आणि तिसऱ्या नोंदीची वाट पाहावी.

वर्गशिक्षक रोज सर्व विद्यार्थ्यांना नाव, पत्ता, जन्मतारीख विचारत नाहीत. पटावर एकदा लिहून घेतात, आणि काही बदलले तर विद्यार्थ्याने येऊन सांगावे अशी अपेक्षा ठेवतात. रेटे हेच करते. त्यामुळे यंत्राचा वेग प्रचंड वाढतो. पण त्याची एक किंमत द्यावी लागते. बदल कळवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जेस असो वा जावातील 'ड्रूल्स' हे दुसरे प्रसिद्ध नियमयंत्र असो, दोन्ही रेटेच्याच वंशातली. आणि बदल कळवायला विसरणे ही दोन्हींत हमखास होणारी चूक आहे.

उपाय सोपा निघाला. आकडा बदलला की वस्तूने तशी सूचना पाठवायची, अशी सोय जावात आहे. मुलांनी ती चार-पाच ओळींत लिहिली. पुन्हा ओले फडके धरले. फळ्यावरचा आकडाही बदलू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या फार वेळ टिकल्या नाहीत.

पसरा, आत घ्या, पसरा, आत घ्या…

आर्द्रता ७५ च्या वर जाताच पडद्यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. 'केळी आत घ्या', 'केळी उन्हात पसरा', 'केळी आत घ्या', 'केळी उन्हात पसरा'. यंत्र थांबेचना. एक चूक दुरुस्त केल्याबरोबर तिच्यामागे लपलेली दुसरी बाहेर आली होती. चुका शोधताना असे नेहमी घडते. त्याने निराश होऊ नये.

एकाने सुचवले, की नियम ४ ला नियम ३ पेक्षा वरचा अग्रक्रम द्यावा. जेसमध्ये तसा आकडा देता येतो. तो देऊन पाहिला. काही फरक पडला नाही. का बरे? कागदावर करून पाहा. नियम ४ लागला की 'केळी घरात' अशी नोंद होते. आता नियम ४ च्या अटी जुळत नाहीत. यादीत एकटा नियम ३ उरतो. स्पर्धाच नसेल तर अग्रक्रमाचा उपयोग काय? तो लागतो, आणि केळी पुन्हा उन्हात!

या वेळी मुलांनी आपण होऊन 'फॅक्ट्स' विचारले. फळ्यावर 'हवा दमट' ही नोंद होती आणि 'हवा वाळवणीची' ही नोंदही होती. एकाच हवेच्या दोन विरुद्ध नोंदी! आर्द्रता ५२ असताना नियम १ ने 'हवा वाळवणीची' असे लिहिले होते. आर्द्रता बदलली, पण त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष कोणी पुसला नाही. कारण गेले, कार्य उरले.

यावर जेसमध्ये एक चांगली तोड आहे. नियम लिहितानाच सांगता येते, की हा निष्कर्ष या अटींच्या आधारावर उभा आहे. आधार गेला की निष्कर्षही पुसावा. नियम १ आणि २ तसे लिहिले आणि सल्ल्यांचा पाऊस थांबला. आपल्या विचारांनाही अशी सवय लावता आली तर किती बरे होईल! एखादे मत आपण ज्या कारणाने बनवतो, ते कारण खोटे ठरले तरी मत तसेच राहते.

तीन बारीक चुका

यानंतर आढळलेल्या चुका लहान असल्या तरी मराठीत आज्ञावली लिहिणाऱ्यांनी त्या ध्यानात ठेवाव्यात.

ऊन 'बऱ्यापैकी' असे नोंदवले, की नियम १ लागतच नसे. 'कडक' नोंदवले तर लागे. दोन्ही ठिकाणी शब्द एकच दिसत होता. शेवटी अक्षरांचे संकेतांक काढून पाहिले. 'ऱ्या' या जोडाक्षरातील ऱ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते : एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. नियम लिहिणाऱ्याने एक रीत वापरली होती, नोंद करणाऱ्याने दुसरी. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. शब्द यंत्राला देण्यापूर्वी एकाच रीतीत बदलून घेण्याची सोय जावात आहे. देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच यांचेही तसेच. संख्या म्हणून वाचले तर दोन्ही पाचच. पण मजकूर म्हणून तुलना केली तर यंत्र त्यांना भिन्न मानते.

दुसरी चूक म्हणजे नियमांमधली ती फट. तुम्ही ओळखली असेलच. आर्द्रता ७० असेल तर काय? नियम १ लागत नाही आणि नियम २ ही लागत नाही. सकाळी केळी घरात असली तर यंत्र काहीच बोलत नाही, आणि मूग गिळून बसलेल्या यंत्राकडे पाहून आपण समजतो की ते बिघडले. नियम लिहिले की संख्यारेषा काढावी आणि तिचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या नियमाच्या वाट्याला आला आहे ना, हे पाहावे.

तिसरी चूक विचारांची आहे. मुलांनी एक नियम असा लिहिला होता : 'पावसाची नोंद नसेल, तर केळी पसरायला हरकत नाही'. यंत्र सुरू होताच, बाहेरची काहीही माहिती यायच्या आत, तो लागून मोकळा होई. 'पाऊस नाही असे कळले' आणि 'पावसाबद्दल काहीच कळले नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पत्र आले नाही म्हणजे सर्व कुशल आहे, असे नव्हे! म्हणून 'पाऊस : नाही' अशी स्पष्ट नोंद मागणारा नियम केव्हाही चांगला.

चूक शोधण्याची रीत

या सर्व खटाटोपातून आम्ही पाच प्रश्न वहीत लिहून ठेवले.

१. यंत्राच्या फळ्यावर या क्षणी नेमके काय लिहिले आहे?
२. ते प्रत्यक्षातल्या स्थितीशी जुळते का? जुळत नसेल तर बदल कळवायचा कोठे राहिला?
३. कोणता नियम लागला, आणि कोणत्या नोंदींमुळे?
४. जो लागायला हवा होता तो लागला नसेल, तर त्याची नेमकी कोणती अट अडली?
५. फळ्यावरील एखादा निष्कर्ष आपल्या कारणानंतरही जिवंत आहे का?

याशिवाय एक पथ्य : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात दोलकाची लांबी आणि गोळ्याचे वजन आपण एकदम बदलत नाही. नाहीतर दोलनकाल कशामुळे बदलला हे कळणार नाही. येथेही तेच. जेसमध्ये 'एकच नियम लाव आणि थांब' असे सांगता येते. प्रत्येक पावलाला फळा वाचत गेले, की चूक फार काळ लपून राहत नाही.

आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे, ती बहुतांशी उदाहरणांवरून शिकते. तिने अमुक उत्तर का दिले हे नीट सांगणे अनेकदा कठीण असते. नियमयंत्राची झेप त्या मानाने लहान, पण त्याचे प्रत्येक पाऊल तपासता येते. मायसिनला जसे 'कशावरून?' विचारता येई, तसे यालाही येते. अट एवढीच, की विचारणाऱ्याने विचारले पाहिजे. आमच्या मुलांनी दोन दिवस विचारले नाही. पडद्यावर ८४ आकडा दिसत असताना, दमट वारा अंगाला लागत असताना, त्यांनी सल्ला मानला.

करून पाहा

संगणक नसला तरी हे सर्व वर्गात करता येते. चार विद्यार्थ्यांना वर दिलेले चार नियम एकेका कार्डावर लिहून द्या. फळ्यावर 'ऊन कडक', 'आर्द्रता ५२', 'केळी घरात' अशा नोंदी लिहा. ज्याच्या सर्व अटी जुळतील त्याने हात वर करावा. शिक्षकांनी एकाला बोलवावे. त्याने कार्डावर सांगितल्याप्रमाणे फळ्यावर लिहावे किंवा पुसावे. एकदा लागलेला नियम त्याच नोंदींवर पुन्हा लावू नये. मग फक्त आर्द्रतेचा आकडा पुसून ८४ लिहा, आणि बाकी काही पुसू नका. काय होते ते पाहा. खेळ थांबवण्यासाठी कोणत्या कार्डावर कोणते वाक्य वाढवावे लागेल, हे वर्गाने शोधावे.

दुरुस्त केलेली आज्ञावली घेऊन मुले पुन्हा काकींकडे गेली, तेव्हा मनात थोडी धाकधूक होती. काकींनी नवी ५० केळी दिली. मुलांनी त्यांना विचारले, "काकी, त्या दिवशी वारा फिरण्याआधीच तुम्ही चटया उचलायला लागला होतात. कशावरून?"

काकी हसल्या. "अरे, केळ्याला हात लावला की कळतं. सकाळी बोटाला चिकटत नव्हतं, दुपारी चिकटायला लागलं."

आमच्या वहीत हा नियम नव्हता. आधी तो आम्ही विचारला नव्हता, आणि सांगण्यासारखे काही आहे असे काकींनाही वाटले नव्हते. मुलांनी तो त्याच दिवशी नियम ५ म्हणून लिहून घेतला. त्या खेपेची सुकेळी चांगली झाली, आणि त्यातली निम्मी काकींनी मुलांनाच खायला दिली.